उलटा करून पाहिलेला पदर
आज सकाळी येवल्यातील आमच्या घरी नागपूरहून एक ताई लेकीच्या लग्नासाठी पैठणी पाहायला आल्या आणि बसताक्षणी त्यांनी पदर उलटा करून पाहिला. हातमागावर प्रत्येक रंगाचा धागा वेगळ्या कांडीने गुंफला जात असल्याने पदरावरचा मोर मागूनही पुढच्यासारखाच दिसतो, सुटे धागे लोंबत नाहीत, हे मी दोन वर्षांपूर्वी लिहिले होते; तेच वाचून त्या आल्या होत्या. वडिलांच्या मागाविषयीच्या ओढीने मी लिहू लागलो, विक्रीचा विचार तेव्हा मनातही नव्हता. पदराला इतके दिवस का लागतात हे ठाऊक असल्याने त्यांनी किमतीवर घासाघीस केलीच नाही. एरवी गिऱ्हाइकाशी फारसे न बोलणाऱ्या वडिलांनी त्यांना मागावर बसवून दोन आडवे धागे विणू दिले.