पासुबिओची बावन्न बोगद्यांची वाट

उत्तर इटलीतल्या बोक्केत्ता काम्पील्याच्या खिंडीत आम्ही सकाळी सात वाजता पोहोचलो, तेव्हा दरीतले धुके अजून वर चढायचे होते आणि १,२१६ मीटर उंचीवरच्या त्या गाडीतळावर आमच्याखेरीज दोनच गाड्या उभ्या होत्या. वाटेच्या आरंभी दगडी कमान आहे. तिच्यातून आत शिरले की थोड्याच अंतरावर पहिल्या बोगद्याचे काळे तोंड दिसते. बाबा त्या तोंडाशी थांबले, हातमोजा काढला आणि उघड्या तळव्याने कातळ चाचपून पाहिला. "डोलोमाइट आहे. आपल्या बेसाल्टसारखा नाही हा, वेगळ्या तऱ्हेने फुटत असणार," असे म्हणून त्यांनी डोक्यावरचा दिवा लावला.

मी पादुआला नोकरीसाठी राहते आणि बाबा यंदा सप्टेंबरमध्ये तीन आठवड्यांसाठी माझ्याकडे आले होते. व्हेनिस, व्हेरोना वगैरे त्यांनी माझ्या आग्रहाखातर पाहिले, पण एका रविवारी मी पासुबिओ पर्वतावरच्या या लष्करी वाटेचा विषय काढला आणि त्यांच्या चेहऱ्यावर खरी उत्सुकता दिसली. रत्नागिरीजवळ कोकण रेल्वेच्या करबुडे बोगद्याचे काम चालू असताना ते तिथे तरुण अभियंता होते. तो बोगदा साडेसहा किलोमीटरांचा. पासुबिओची ही वाटही ६,५५५ मीटर लांबीची, म्हणजे जवळजवळ तेवढीच. फरक एवढाच, की इथे एक सलग बोगदा नसून बावन्न बोगदे आहेत, त्यांची एकत्रित लांबी सुमारे २.३ किलोमीटर भरते आणि उरलेली वाट उघड्या कड्याच्या पोटातून कोरून नेलेली आहे.

ही वाट का खोदावी लागली, हे समजल्याखेरीज तिचा विचित्र मार्ग समजत नाही. पहिल्या महायुद्धात, मे १९१६ मध्ये, ऑस्ट्रो-हंगेरीच्या सैन्याने त्रेन्तिनो या डोंगराळ प्रदेशाच्या बाजूने मोठी चढाई केली आणि ती पासुबिओच्या माथ्यावर अडली. इटालियनांनी माथा सोडला नाही, ऑस्ट्रियनांनी समोरची बाजू सोडली नाही, आणि दोन हजार मीटरांवरच्या त्या उजाड पठारावर दोन्ही सैन्ये एकमेकांच्या दृष्टिपथात खंदक खणून बसली. वरच्या हजारो माणसांना अन्न, दारूगोळा, लाकूड, औषधे असे सगळे खालून पोहोचवावे लागत होते आणि त्यासाठी इटालियनांकडे मुख्यतः स्कारुब्बीचा रस्ता होता. तो डोंगराच्या उत्तर अंगाने, मोठमोठी वळणे घेत वर जातो. खेचरांसाठी तो सोयीचा होता खरा, पण शत्रूच्या तोफांच्या माऱ्यात येत होता, आणि हिवाळ्यात बर्फ व कोसळणारे हिमकडे यांनी तो तुटत असे. पहिल्याच हिवाळ्यात ही अडचण इतकी तीव्र झाली, की डोंगराच्या दक्षिण अंगाने, जिथे कोणताही तोफखाना पाहू शकणार नाही अशा उभ्या कड्यांतून, बारमाही चालू राहील अशी नवी वाट काढण्याचे ठरले. त्या कड्यांवर तोवर पायवाटसुद्धा नव्हती.

काम ६ फेब्रुवारी १९१७ ला, म्हणजे ऐन हिवाळ्यात, सुरू झाले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस पूर्ण झाले. पाचव्या इंजिनिअर रेजिमेंटची ३३ वी मिनातोरी कंपनी आणि तिच्या मदतीला दिलेल्या मजुरांच्या तुकड्या यांनी ते केले. आखणीत कॅप्टन लेओपोल्दो मोत्ती आणि लेफ्टनंट जुझेप्पे झाप्पा यांचा वाटा होता आणि पुढे कॅप्टन कोर्रादो पिकोने यांनी कंपनीचे नेतृत्व केले. 'मिनातोरी' या शब्दाला मराठीत 'सुरुंगवाले' असा प्रतिशब्द मला सुचला. आपल्याकडे विहिरीसाठी कातळ फोडतानाही सुरुंग लावतात आणि युद्धात शत्रूच्या तटबंदीखालीही सुरुंगच पेरतात. इटालियन भाषेतल्या 'मिना' या शब्दाचेही तसेच आहे. या पर्वतावर तो शब्द दोन्ही अर्थांनी वापरला गेला, पण त्याचे दुसरे रूप आम्हाला दुसऱ्या दिवशी पाहायला मिळाले.

पहिले दहा-बारा बोगदे लहान आहेत. आत शिरावे, डोळे अंधाराला सरावतात न सरावतात तोच बाहेर पडावे, आणि बाहेर येताच डाव्या हाताला खोल दरी दिसावी, असा क्रम सुरू होतो. प्रत्येक बोगद्याच्या तोंडावर त्याचा क्रमांक आणि नाव लिहिलेले आहे. नावे सेनापतींची आहेत, तशीच इथे काम केलेल्या माणसांची आणि तुकड्यांचीही आहेत. मला हे फार महत्त्वाचे वाटले. घाईगर्दीत, बर्फात, दहा महिन्यांत उरकायच्या कामात प्रत्येक भोकाला क्रमांक आणि नाव देण्याची गरज युद्धाला नव्हती. ती गरज काम करणाऱ्यांची होती, आणि आपण काहीतरी टिकाऊ घडवत आहोत याची जाणीव असल्याखेरीज ती निर्माण होत नाही.

वाटेची रुंदी कुठेही २.२ मीटरांपेक्षा कमी नाही, कारण ओझे लादलेली खेचरे तिच्यावरून जायची होती. चढ सरासरी बारा टक्के आणि काही ठिकाणी बावीस टक्क्यांपर्यंत आहे. बाबांनी कोकण रेल्वेचा हिशेब सांगितला. तिथे दीडशे मीटर पुढे जावे तेव्हा एक मीटर चढता येते. इथे तेवढ्याच अंतरात अठरा मीटर चढायचे. "रेल्वेला शक्य नाही, पण खेचराच्या पायाला हा चढ बरोबर आहे. आखणी करणाऱ्याने खेचर डोळ्यांसमोर ठेवलं होतं," असे ते म्हणाले, आणि त्यानंतर चढताना मी नकळत माझ्या पावलांऐवजी पाठीवर पेटारे बांधलेल्या जनावराची पावले मोजू लागले.

मधल्या बोगद्यांत बाजूच्या भिंतीला ठिकठिकाणी खिडक्यांसारखी भोके आहेत. त्यांतून उजेड आणि हवा येते. खोदताना निघालेला दगडही तिथूनच दरीत लोटता येत असे. बाबा त्याला 'मक' म्हणतात. स्फोट झाल्यावर जो दगडांचा ढीग पडतो तो मक, आणि बोगद्याच्या कामात अर्धा वेळ तो उपसण्यातच जातो, हे त्यांनी मला लहानपणापासून अनेकदा सांगितले आहे. इथे उपसण्याचे अंतर या खिडक्यांनी कमी केले होते, ही गोष्ट त्यांनी अशा आनंदाने दाखवली, की जणू एखाद्या जुन्या सहकाऱ्याची युक्ती त्यांना आज उलगडली होती. भिंतीवर दिव्याचा प्रकाश तिरका धरला की कातळात अर्ध्या नळीसारख्या उभ्या-आडव्या खाचा दिसतात. ती सुरुंगाच्या भोकांची उरलेली अर्धी बाजू. भोक पाडायचे, त्यात स्फोटक भरायचे, कातळ फोडायचा. उरलेली अर्धी नळी नीट शाबूत असेल तर दारूचे प्रमाण अचूक होते असे समजतात. बाबांनी अशा कित्येक खाचांवरून बोट फिरवले.

एकोणिसावा बोगदा सर्वांत लांब, सुमारे ३२० मीटरांचा. तिथे दिव्याखेरीज खरोखरच चालता येत नाही. पायाखाली ओले, घसरडे, ओबडधोबड दगड असतात, छतातून पाणी ठिबकत असते आणि सप्टेंबरातही थंडी हाडांत शिरते. त्याच्या पाठोपाठ विसावा बोगदा येतो, आणि मला विचाराल तर या संपूर्ण वाटेचा प्राण तोच. पुढे कड्यापासून सुटलेला एक सुळका आहे आणि त्याला वळसा घालायला जागाच नाही. म्हणून त्या माणसांनी वाट सुळक्याच्या पोटात घातली आणि जिन्यासारखी, स्वतःभोवती वळसे घेत, आतूनच वर नेली. एका वळणावर भिंतीतल्या भोकातून खालची दरी दिसते, पुढच्या वळणावर तीच दरी आणखी खाली गेलेली असते. बाहेर पडल्यावर बाबा बराच वेळ सुळक्याकडे वळून पाहत राहिले. आज संगणकावर अशी आखणी करणे सोपे आहे, पण लोंबकळत मोजमाप घेऊन, आतून खोदत जाऊन नेमक्या जागी बाहेर पडणे किती अवघड असेल, याचा विचार त्यांच्या मनात चालला असावा. ते काही बोलले मात्र नाहीत.

त्यापुढची वाट फोर्नी आल्तीच्या कड्यांतून जाते. सह्याद्रीत भटकणाऱ्यांना दृष्टिभय हा शब्द परिचयाचा आहे. इथे ते जागोजागी आहे, पण वाट रुंद असल्यामुळे शांतपणे चालणाऱ्याला धोका वाटत नाही. घाई करणाऱ्याला मात्र आहे, आणि म्हणूनच या वाटेवर सायकलींना सक्त मनाई आहे, कारण सायकलवरून येऊन दरीत कोसळलेल्यांचे मृत्यू इथे झालेले आहेत. शिरस्त्राण घ्यावे, दिवा घ्यावा आणि पाणी खालूनच भरून घ्यावे, कारण वाटेत ते मिळत नाही. बर्फ वितळल्यानंतर, साधारण जूनअखेरपासून ऑक्टोबरपर्यंतचा काळ योग्य.

चाळिसाव्या बोगद्यानंतर धुके पूर्ण विरले आणि समोरच्या डोंगररांगा उन्हात आल्या. वाट दोन हजार मीटरांच्या आसपास जाऊन थोडी उतरते आणि बावन्नावा बोगदा संपताच पोर्ते देल पासुबिओची खिंड येते. आम्हाला साडेचार तास लागले. तरुण माणसे तीन तासांत पोहोचतात. खिंडीत कड्याला चिकटून जनरल अकिल्ले पापा यांच्या नावाचे आश्रयगृह उभे आहे. पासुबिओवर लढलेले हे सेनानी ऑक्टोबर १९१७ मध्ये दूर बाइन्सिझ्झाच्या पठारावर मारले गेले, म्हणजे ही वाट पूर्ण झालेली त्यांनी पाहिली नाही. युद्धकाळात या कड्याला लगटून बराकींची इतकी दाटी झाली होती, की सैनिक त्या वस्तीला 'छोटे मिलान' अशा अर्थाच्या नावाने ओळखत. आज तिथे एकच इमारत, चार बाके आणि गरम पोलेंता, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट लगदा, आहे. आम्ही रात्री तिथेच राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पठारावर चढलो. १९२२ मध्ये राजाज्ञेने हा सर्व भाग पवित्र क्षेत्र म्हणून जाहीर झाला आहे. खंदक, कोसळलेल्या भिंती, लिगुरिया ब्रिगेडच्या दफनभूमीजवळची कमान, हे पाहत २,२३२ मीटर उंचीच्या चीमा पालोनवरून पुढे गेले की दोन खडकाळ उंचवटे समोरासमोर दिसतात. एक इटालियन दात, दुसरा ऑस्ट्रियन दात, आणि त्यांच्यामध्ये एक छोटी खिंड. एका टोकावरून हाक मारली तर दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल, इतकेच अंतर. जमिनीवरून एकमेकांना हलवता येत नाही, असे दिसल्यावर दोन्ही बाजूंनी एकमेकांच्या दाताखाली बोगदे खणायला सुरुवात केली. सप्टेंबर १९१७ पासून मार्च १९१८ पर्यंत, म्हणजे खाली खेचरांची वाट पूर्ण होत असताना आणि नंतरही, इथे एकामागून एक सुरुंग उडत होते. शेवटचा आणि सर्वांत मोठा सुरुंग ऑस्ट्रियनांनी १३ मार्च १९१८ च्या पहाटे उडवला. त्यात ५० टन स्फोटके होती. इटालियन दाताचा उत्तरेकडचा भाग त्याने उखडला गेला, आणि ते घराएवढे धोंडे अजून जसेच्या तसे विखुरलेले आहेत.

एका अर्धवट बुजलेल्या भुयाराच्या तोंडाशी बाबांनी पुन्हा दिवा लावला. आत, हाताच्या अंतरावर, कालच्यासारख्याच अर्ध्या नळीच्या खाचा होत्या. तसेच सरळ, तसेच अचूक काम. बाबांनी या वेळी त्यांवर हात ठेवला नाही. "हेही त्याच विद्येचं काम आहे, अगं," एवढे म्हणून ते मागे वळले. मला त्यांच्याशी वाद घालायचा नव्हता, पण माझ्या मते ते काम त्या वाटेच्या जातीचे नव्हे. खालच्या बावन्न बोगद्यांनी किती खेचरे आणि किती माणसे तोफांच्या तोंडून वाचवली असतील याचा आकडा कोणी मांडू शकणार नाही. इथे मात्र खोदणाऱ्याला ठाऊक होते, की आपल्या डोक्यावर झोपलेली माणसे मारण्यासाठी आपण खोदत आहोत, आणि समोरचाही तेच करत आहे. दोन्ही बाजूंचे सुरुंगवाले कातळाला कान लावून एकमेकांच्या घणांचे आवाज ऐकत असत. त्या भुयारासमोर उभे राहून मला पहिल्यांदा खरी भीती वाटली, जी आदल्या दिवशीच्या दरीच्या काठावर वाटली नव्हती.

उतरताना आम्ही स्कारुब्बीचा रस्ता घेतला, कारण बाबांच्या गुडघ्यांना त्याचा मंद उतार सोसणार होता. सुमारे दहा किलोमीटरांचा हा रस्ता गवताळ उतारांवरून, वळणांमागून वळणे घेत काम्पील्याच्या खिंडीत परत येतो. उघडा, प्रशस्त आणि उन्हात न्हालेला. समोरच्या रांगांवरून तो किती स्पष्ट दिसत असेल, हे चालताना प्रत्येक वळणावर जाणवत होते. अर्ध्या वाटेवर बाबा थांबले आणि डोंगराच्या धारेकडे पाहून कालची वाट कुठे आहे ते शोधू लागले. मी नकाशा काढून दाखवला, की ती या धारेच्या बरोबर पलीकडे, दक्षिणेच्या कड्यात आहे. त्यांनी तरीही दोन-तीन ठिकाणांहून निरखून पाहिले. गवत, वर राखाडी कातळ आणि त्यावर आकाश, याखेरीज तिथे काहीही दिसत नव्हते.

"नाहीच दिसत," समाधानाने मान हलवून ते म्हणाले, आणि काठी टेकत पुढच्या वळणाकडे निघाले.