पैसे कापले गेले, पोचले नाहीत: हे ‘सात कामकाजाचे दिवस’ आले कुठून?

खात्यातून पैसे गेल्याचा मेसेज येतो, समोरच्याला मात्र दमडी मिळालेली नसते. कस्टमर केअरला फोन लावला की ठरलेलं उत्तर मिळतं: ‘सर, पाच ते सात कामकाजाचे दिवस वाट बघा.’ यातला ‘सात’ नियमात नाही आणि ‘कामकाजाचे’ही नाही. फेल गेलेल्या व्यवहारांबद्दल रिझर्व्ह बँकेनं २० सप्टेंबर २०१९ ला परिपत्रक काढलं. ते १५ ऑक्टोबर २०१९ पासून लागू आहे. व्यवहाराची तारीख म्हणजे ‘टी’, आणि ही तारीख कॅलेंडरची, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. मध्ये रविवार येवो, गणपतीची सुट्टी येवो, मुदत चालूच राहते.

मुदती अशा आहेत. यूपीआय किंवा आयएमपीएसनं कुणाच्या खात्यात पैसे पाठवले आणि ते जमा झाले नाहीत, तर टी अधिक १, म्हणजे दुसऱ्या दिवसापर्यंत ते आपोआप परत यायला हवेत. दुकानात क्यूआरवर पैसे दिले आणि दुकानदाराला खात्री मिळाली नाही, तर टी अधिक ५. एटीएममधून नोटा आल्या नाहीत, कार्ड घासलं पण दुकानात व्यवहार पूर्ण झाला नाही, ऑनलाइन खरेदीत कार्डावरून पैसे गेले पण ऑर्डर लागली नाही, या सगळ्यांनाही टी अधिक ५. मुदत उलटली की पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई. ही भरपाई ग्राहकानं मागायची वाट न बघता बँकेनं स्वतःहून द्यायची आहे.

स्वतःहून! परिपत्रकातला सगळ्यात दुर्लक्षित शब्द कोणता, तर हाच. मूळ रक्कम उशिरा का होईना परत येते, पण शंभराचा हिशेब मागितल्याशिवाय बहुतेक बँकांना आठवत नाही.

उदाहरण घ्या. ३ तारखेला एटीएममधून ४,५०० रुपये काढायला गेलात. पैसे कापले, नोटा नाहीत. शेवटची तारीख ८. पैसे परत आले १९ ला. ९ ते १९ म्हणजे ११ दिवस, भरपाई १,१०० रुपये. अडकलेली रक्कम ५०० असती तरी भरपाई १,१०० च, आणि ९,००० असती तरी तेवढीच. म्हणून रक्कम छोटी आहे म्हणून सोडून देऊ नका. ‘जाऊ दे, पाचशेच तर आहेत’ म्हणणारे ग्राहक बँकेला फार सोयीचे पडतात.

आता यूपीआयमध्ये पैसे अडकतात कुठे ते बघू, कारण तक्रार कशी लिहायची हे त्यावर ठरतं. पैसे पाठवताना तुमची बँक आधी खात्यातून रक्कम वजा करते आणि यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयच्या स्विचला, म्हणजे बँकांमधले निरोप पोचवणाऱ्या यंत्रणेला, तसं कळवते. स्विच समोरच्या बँकेला सांगतो, जमा करा. त्या बँकेचा सर्व्हर त्या क्षणी दमलेला असला तर ठरलेल्या वेळेत उत्तर येत नाही. पैसे जमा झाले आणि उत्तर हरवलं, की जमाच झाले नाहीत, हे स्विचला कळायला मार्ग नसतो. असा व्यवहार ‘डीम्ड’, म्हणजे झाला असं मानून, धरला जातो: बँकाबँकांच्या हिशेबात रक्कम समोरच्या बँकेकडे जाते, ग्राहकाच्या ॲपवर मात्र ‘पेंडिंग’ दिसत राहतं. पुढं समोरच्या बँकेनं एकतर जमा केल्याची खात्री द्यायची किंवा पैसे परत पाठवायचे. त्यामुळेच परिपत्रकात आपोआप परत करायची जबाबदारी घेणाऱ्याच्या बँकेवर टाकली आहे. तुमची बँक ‘आमच्याकडून व्यवहार यशस्वी आहे’ म्हणते तेव्हा ती खोटं बोलत नसते. फक्त अर्धंच सांगते. त्या वेळी विचारायचा प्रश्न एकच: ‘समोरच्या बँकेनं जमा केल्याची खात्री दिली आहे का, आणि कोणत्या तारखेला?’

दुसरा प्रकार साधा आहे. तुमच्याच बँकेनं पैसे वजा केले आणि तिचं उत्तर स्विचपर्यंत पोचलं नाही. व्यवहार फेल ठरतो आणि वजावट उलटवायचा निरोप बँकेला जातो. हे पैसे बहुधा तासाभरात परत येतात. तो निरोपही हरवला तर दुसऱ्या दिवशी बँका हिशेब जुळवतात त्यात सापडतात.

ॲप कुठलंही असो, पैसे ॲपकडे नसतात. ते कायम कुठल्यातरी बँकेत असतात. ॲपमध्ये त्या व्यवहारावर जाऊन तक्रार जरूर नोंदवा, कारण ती थेट यूपीआयच्या वाद-यंत्रणेत जाते आणि तिथं अद्ययावत स्थिती दिसते. पण तेवढ्यावर थांबू नका, स्वतःच्या बँकेला लेखी कळवा. ॲपमध्ये दोन नंबर दिसतात. लांबलचक असतो तो ॲपचा स्वतःचा आयडी, बँकेच्या काउंटरवर त्याचा काही उपयोग नाही. बँकेला हवा असतो तो १२ आकडी यूटीआर, म्हणजे बँका व्यवहार ओळखतात तो नंबर, स्टेटमेंटवर त्यालाच आरआरएन म्हणतात. फोनवर चुकून पहिला नंबर सांगितला, की ‘असा व्यवहारच दिसत नाही’ हे उत्तर ठरलेलं.

दुकानात वेगळाच घोळ होतो. पैसे कापले, साउंडबॉक्स गप्प. दुकानदार म्हणतो, आले नाहीत, पुन्हा पाठवा. मागे रांग असते, माणूस परत स्कॅन करतो. दहा मिनिटांनी पहिलेही पोचतात. आता पहिला व्यवहार फेल गेलेलाच नाही, त्यामुळे टी अधिक ५ चा नियम लागू होत नाही आणि बँक हात वर करते. पैसे दुकानदाराकडे आहेत, त्यानंच परत द्यायचे. म्हणून दुसऱ्यांदा स्कॅन करण्याआधी ॲपमध्ये स्थिती बघा. ‘फेल’ दिसलं तर खुशाल पुन्हा स्कॅन करा. ‘पेंडिंग’ असेल तर रोख द्या, दुकानदाराच्या फोनवर तुमच्या पेमेंटचा स्क्रीनशॉट पाठवून ठेवा, आणि पैसे आले तर परत करायचं तिथंच बोलून घ्या.

चुकीच्या माणसाला पाठवलेले पैसेही या नियमात बसत नाहीत. तो व्यवहार यशस्वीच असतो, आणि घेणाऱ्यानं संमती दिल्याशिवाय बँक त्याच्या खात्यातून रक्कम काढू शकत नाही. एनईएफटीत तर रक्कम फक्त खाते क्रमांकावर जमा होते, नाव जुळतं का ते बघितलं जात नाही. एनईएफटी आणि आरटीजीएस करण्याआधी घेणाऱ्याचं नाव तपासायची सोय १ एप्रिल २०२५ पर्यंत सुरू करायला बँकांना सांगितलं होतं. दोन सेकंद लागतात, वापरा.

एनईएफटीचा विषय निघालाच आहे तर: १६ डिसेंबर २०१९ पासून ती चोवीस तास चालते, दर अर्ध्या तासाला एक बॅच. बॅच सुटल्यापासून दोन तासांत पैसे जमा व्हायला हवेत, नाहीतर परत जायला हवेत. उशीर झाला तर रेपो दर (रिझर्व्ह बँक बँकांना कर्ज देते तो दर) अधिक २ टक्के व्याज. पन्नास हजारांवर तीन दिवसांचं हे व्याज चाळीस रुपयांच्याही आत भरतं, म्हणून इथं कुणी फार हलत नाही. ट्रेस करायला एनईएफटीचा १६ अक्षरांचा यूटीआर द्या.

एटीएमच्या बाबतीत तक्रार नेहमी स्वतःच्या बँकेकडे, मशिन कुणाचंही असो. बाहेरच्या पाटीवर नाव असलेल्या बँकेत जाऊन भांडण्यात अर्धा दिवस जातो. मशिनचा आयडी, वेळ, रक्कम आणि स्लिप मिळाली असेल तर तिचा फोटो एवढं जपा. थर्मल कागदावरची अक्षरं हळूहळू उडतात. ‘व्यवहार यशस्वी’ असं उत्तर आलं तर तीन गोष्टी नाव घेऊन मागा: मशिनचा इलेक्ट्रॉनिक जर्नल, त्या दिवसाचा रोकड ताळमेळ, आणि सीसीटीव्ही फुटेज. जर्नलमध्ये कोणत्या कॅसेटमधून (नोटांच्या पेटीतून) किती नोटा सुटल्या ते लिहिलेलं असतं. वीसपैकी अठराच नोटा हातात आल्या, अशा प्रकरणात हाच कागद निकाल लावतो. आणि मशिनमध्ये हिशेबापेक्षा जास्त रोकड सापडली असेल तर ती कुणाची तरी आहेच. सीसीटीव्हीची मागणी उशिरा केली तर फुटेज पुसलं गेल्याचं कळतं, म्हणून ती पहिल्याच अर्जात घाला.

परत केलेल्या मालाचा रिफंड ही तिसरीच गोष्ट. तो फेल व्यवहार नाही, शंभर रुपयेही नाहीत. विक्रेता म्हणतो ‘आम्ही सोडलेत’, बँक म्हणते ‘आले नाहीत’. ही टोलवाटोलवी एका नंबरानं संपते. कार्डावरच्या रिफंडला २३ आकडी एआरएन, म्हणजे माग काढायचा नंबर, असतो, यूपीआयच्या रिफंडला आरआरएन. विक्रेत्याकडे तोच मागा. नंबर देता येत नसेल तर बहुधा रिफंड अजून त्याच्याच सिस्टिममध्ये बसलाय.

बँकेला लिहिताना भावना कमी, आकडे जास्त. एवढा मजकूर पुरतो: ‘दि. ३ रोजी माझ्या खात्यातून रु. ४,५०० वजा झाले, रोकड मिळाली नाही. आरआरएन अमुक. रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार मुदत दि. ८ रोजी संपली. मूळ रक्कम आणि दि. ९ पासून जमा होईपर्यंत प्रतिदिन रु. १०० भरपाई खात्यात जमा करावी.’ ईमेलनं पाठवा, किंवा ब्रँचमध्ये देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या. नुसत्या फोनवर तिकीट नंबर मिळतो, पण तुम्ही नेमकं काय मागितलं याचा पुरावा उरत नाही.

इथून ३० दिवस मोजायचे. उत्तर आलं नाही, किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे सीएमएस या तक्रार पोर्टलवर तक्रार करा. फी नाही, वकील नको. वकिलामार्फत केलेली तक्रार उलट ग्राह्यच धरली जात नाही. बऱ्याच तक्रारी बाद होतात त्या घाईमुळे: बँकेला लिहिलंच नाही, किंवा ३० दिवस व्हायच्या आत पोर्टल गाठलं. माहितीसाठी १४४४८ वर फोन करता येतो, मराठीतही बोलतात.

आपल्याकडे आणखी एक गुंता आहे. अनेक लहान नागरी सहकारी बँका एनईएफटी किंवा आयएमपीएसला थेट जोडलेल्या नसतात, मोठ्या बँकेच्या उपसदस्य म्हणून चालतात. तिथं ‘वरून उत्तर आलं नाही’ हे ऐकायला मिळतं. ते खरंही असू शकतं, पण तुमचं नातं तुमच्या बँकेशी आहे, वरच्या बँकेशी नाही. अर्ज तिच्याच नावानं द्या. पतसंस्थेतलं खातं मात्र रिझर्व्ह बँकेच्या कक्षेतच येत नाही. तिथली तक्रार सहकार खात्याच्या निबंधकाकडे जाते.

मूळ रक्कम जमा झाली की बँकेतून फोन येतो, ‘तक्रार बंद करू का?’ तोवर भरपाई आली नसेल तर ‘नाही’ म्हणा, आणि त्याच दिवशी तसं ईमेलवर लिहून कळवा. पैसे जमा झाल्याची तारीख आता पक्की झालेली असते, त्यामुळे या वेळी भरपाईचा आकडाही नेमका घाला.