सोनेरी किडा, स्टीलचा चमचा आणि माझा डिफ्यूझर

आमच्या गावाबाहेरच्या ओढ्याकाठी बेशरमाची झुडपं माजली आहेत. पावसाळ्यात त्यांच्या पानांवर नखाएवढा सोनेरी किडा सापडतो. टॉर्टॉइज बीटल म्हणतात त्याला. कासवासारखं, कडेला काचेसारखं आरपार दिसणारं कवच घेऊन पानाला घट्ट चिकटून बसतो. मेला की त्याचं सोनं उतरतं, संग्रहात ठेवलेला किडा नुसता तपकिरी दिसतो. म्हणून त्याला जिवंतपणी, त्याच्याच पानावर टिपायचं मी मनावर घेतलं.

पहिल्या दिवशी शंभरएक फोटो काढले. प्रत्येकात पाठीच्या मधोमध पांढराफटक डाग आणि भोवती काळपट कडा. सोनं कुठेच नाही.

एफ ११ (लेन्सचं छिद्र बारीक), १/१६० सेकंद (उजेड आत येण्याचा वेळ), आयएसओ २०० (कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची संवेदनशीलता कमी) या सेटिंगला झुडपातला उजेड फोटोत जवळजवळ येतच नाही, सगळी भिस्त फ्लॅशवर. माझ्या फ्लॅशचं तोंड जेमतेम सात बाय चार सेंटिमीटर, तेही किड्यापासून फूटभर लांब. चकचकीत पाठ म्हणजे आरसा. त्यात एवढासा फ्लॅश दिसला आणि बाकी अंधार.

मग फ्लॅशवर बसवायची पांढरी प्लॅस्टिकची टोपी आणली, म्हणजे प्रकाश पसरवणारा एक डिफ्यूझरच. घरी भाचीच्या वाढदिवसाला या टोपीने सुरेख फोटो दिले, म्हणून मोठ्या आशेने ती ओढ्यावर नेली. डाग तसाच राहिला, वर फ्लॅशची ताकद वाढवावी लागली आणि सेल भराभर उतरले. टोपी प्रकाश चहूकडे उधळते. घरात छत आणि भिंती तो परत पाठवतात, म्हणून चेहरे मऊ दिसतात. उघड्यावर तो परत पाठवायला काहीच नसतं, आणि टोपी तर फ्लॅशच्या तोंडाएवढीच. मित्राचा साठ सेंटिमीटरचा सॉफ्टबॉक्स, म्हणजे फ्लॅशपुढे पांढरं कापड ताणलेली मोठी पेटी, तीही नेऊन पाहिली. प्रकाश अप्रतिम, पण ते धूड झुडपात शिरेना.

खरी गोष्ट एका ढगाळ दुपारी लक्षात आली. सूर्य प्रचंड, पण इतका लांब की आभाळात रुपयाएवढा दिसतो, म्हणून उन्हातली सावली धारदार. ढग आले की अख्खं आभाळच दिवा होतं आणि सावली विरते. डिफ्यूझरचंही हेच. तो किती पांढरा आहे याला फार महत्त्व नाही, किड्याच्या जागेवरून तो केवढा दिसतो हे महत्त्वाचं. तेव्हा मोठा हवा, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे जवळ हवा.

माझी १०० मिलिमीटरची मॅक्रो लेन्स, अगदी जवळून बारीक गोष्टी टिपणारी. किडा जास्तीत जास्त मोठा टिपायचा तर तो लेन्सच्या काचेपासून सुमारे चौदा सेंटिमीटरवर असतो. पुठ्ठ्याचं नरसाळं केलं, आतून अ‍ॅल्युमिनियम फॉइल लावली, पुढे वीस बाय पंचवीस सेंटिमीटरचा बटर पेपर ताणून तो लेन्सच्या वरून पुढे झुकवला. किड्यापासून अंतर दहा सेंटिमीटर.

तपासायला स्टीलचा चमचा पालथा ठेवून त्याचा फोटो काढला. हा उपाय मी प्रत्येकाला सांगतो. चमच्याच्या पाठीवर डिफ्यूझर जसाच्या तसा उमटतो. माझ्या चमच्यात मधे लख्ख गोळा आणि कडा मंद दिसल्या, म्हणजे मोठा कागद लावूनही दिवा लहानच राहिला होता. दुसरा थर पहिल्याला चिकटवून काही फरक पडला नाही. दोन थरांत चार बोटांची पोकळी ठेवली तेव्हा मात्र गोळा पसरला आणि चमच्यात सारखा पांढरा चौकोन दिसू लागला. शेजारी कोरा कागद ठेवला होता, त्यावर बटर पेपरची पिवळट झाक कळली. ती कॅमेऱ्यात व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगाची झाक सुधारणारी सेटिंग, बदलून काढली.

दिवा जवळ आल्याचा आणखी एक फायदा झाला. अंतर निम्मं केलं की प्रकाश जवळपास चौपट पोचतो. त्यामुळे फ्लॅश पूर्ण ताकदीच्या १/४ ऐवजी १/१६ वर चालू लागला. कमी ताकदीवर त्याची चमक सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाच्या आसपास संपते, मग पान हललं तरी फोटो हलत नाही.

जुलैत हेच नरसाळं आंबोलीला नेलं. तिथल्या पावसात बटर पेपर पहिल्या तासातच लोळागोळा झाला. टीव्हीच्या खोक्यात येतो तो पातळ पांढरा फोम आधीच कापून बरोबर घेतला होता, तो रबरबँडने लावला. तेव्हापासून तोच वापरतो. मलबारचा उडता बेडूक ओल्या फांदीवर बसला होता. तीन फोटो घेतले आणि फ्लॅश बंद केला, रात्रीच्या जिवाला त्याहून जास्त त्रास द्यायचा नाही हा माझा नियम. ओल्या हिरव्या पाठीवर एकही जळका ठिपका नव्हता, बोटांमधले लाल पडदे शिरांसकट दिसत होते.

सोनेरी किडा त्यानंतर आठवड्याने मिळाला. पोटाखाली सावली राहत होती, म्हणून पानाखाली पांढऱ्या पुठ्ठ्याचा तुकडा धरला. पाठीवर आता मोठा मऊ उजेड पडला आहे आणि त्याच्या आतून सोनं दिसतंय, कवचाच्या कडेतून खालच्या पानाची शीरसुद्धा.