तुम्ही विचारलंत म्हणून: वर्गात राक्षस कशाला?

‘बाई, पोर्शन पुरा होत नाही आणि तुम्ही वर्गात राक्षस न् परग्रह कसले वाचून दाखवताय?’ पालकसभेत हा प्रश्न ठरलेला. स्टाफरूममध्ये आमचे गणिताचे सर तोच जरा हसून विचारतात. मी त्यांना म्हटलं, सर, तुम्ही फळ्यावर ‘समजा, वडिलांचं वय क्ष’ लिहिता तेव्हा कुणाचे वडील, असं कुणी विचारतं का? एका नळानं हौद भरतो, दुसऱ्यानं रिकामा होतो, आणि दोन्ही नळ एकदम सोडून बसणारा तो इसम कोण, याची आजवर सांगलीत चौकशी झालेली नाही. ‘समजा’ म्हटलं की पोरं समजून घेतात. माझा तासही त्याच शब्दापासून सुरू होतो.

पण मी तो आधी बिघडवला होता, हेही सांगते. पहिल्या वर्षी सातवीला एक छान अद्भुतकथा वाचून दाखवली. पोरं तोंड उघडी टाकून ऐकत होती. कथा संपली आणि माझ्या तोंडून सवयीनं निघालं, ‘तर या कथेतून आपल्याला काय बोध मिळतो?’ चाळीस चेहरे एकदम मिटले. एकीनं वही काढून समास आखायला घेतला. तेव्हापासून गोष्टीनंतर मी काही विचारत नाही. गप्प बसते. मास्तरकीत याहून अवघड काही नसेल.

गप्प बसलं की पोरं बोलतात, आणि कौतुक करत नाहीत, खोड काढतात. एकदा ज्यूल व्हर्नची चंद्रावरची स्वारी सांगत होते. १८६५ सालची कादंबरी, त्यात माणसांना तोफेच्या गोळ्यात बसवून चंद्राकडे उडवतात. मागच्या बाकावरून आवाज आला, ‘बाई, त्या धक्क्यानंच मरतील की ओ!’ बरोबर आहे, मरतीलच. मग सगळा तास मरू नयेत म्हणून काय करता येईल, यावर गेला. एक म्हणाला, ऊस भरतात तसं पाचट कोंबायचं. दुसरी म्हणाली, हळूहळू वेग वाढवायचा, एसटी घाटात वाढवते तसा. वेग हळूहळू वाढवायचा तर तोफ चालत नाही, रॉकेटच लागतं, हे मला सांगावंसुद्धा लागलं नाही. ही कादंबरी १९०० च्या सुमारास ‘केरळ कोकिळ’ मासिकानं मराठीत आणली. त्याचे संपादक कृष्णाजी आठल्ये आपल्या कऱ्हाडजवळच्या टेंभूचे. टेंभू म्हणजे पाण्याची योजना एवढंच पोरांना ठाऊक होतं.

जयंत विष्णू नारळीकरांची गोष्ट मात्र मी कोडं म्हणून घालते. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत ‘कृष्णविवर’ला पहिलं बक्षीस मिळालं. लेखक नारायण विनायक जगताप. आता हा जगताप कोण? फळ्यावर ना. वि. ज. एवढंच लिहायचं आणि थांबायचं. कुणीतरी उलटं वाचतं आणि ओरडतं. नावावर नको, कथेवर मार्क मिळू देत म्हणून एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञानं नाव लपवलं, हे पोरांना भारी आवडतं. परीक्षेच्या पेपरवर आपलंही नाव नसावं, अशी सूचना लगेच येते.

लिहायला मात्र दूरचा ग्रह देत नाही. ‘समजा’ आणि गावातली एक जागा, एवढंच. मागं सांगलीजवळच्या हरिपूरच्या एका मुलानं लिहिलं की एक माणूस हळदीच्या पेवात, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीखालच्या खोल खड्ड्यात, उतरला, वरनं तोंड बंद झालं आणि शंभर वर्षांनी तो जसाच्या तसा बाहेर आला. हळद वर्षानुवर्षं टिकते, तर माणूस का नाही? मला कल्पना फार आवडली. त्याच्याच शेजारच्याला नाही. ‘मरंल की त्यो. पेवात हवा नसती, म्हणून तर हळदीला कीड लागत न्हाई. आजोबा आधी कंदील सोडायचे. विझला तर कुणी उतरायचं न्हाई.’ २००५ च्या पुरात पाणी शिरून बरीच पेवं गेली. या पोरांनी ती आजोबांच्या तोंडूनच पाहिलेली. विज्ञानाच्या पुस्तकातला ऑक्सिजन त्या दिवशी हरिपूरला पोचला.

लिहिणारा हिरमुसला. मी खोडायला सांगितलं नाही, फक्त म्हटलं, कंदिलाचा नियम तुझ्या गोष्टीत पाळ, बाकी काय वाटेल ते कर. राक्षसाला चार हात असोत, पण पहिल्या पानावर चार तर शेवटच्या पानावरही चारच, एवढीच माझी अट असते.

चार दिवसांनी वही आली. ती स्टाफरूममध्ये टेबलावर होती, गणिताच्या सरांनी उघडली. माणूस पेवाच्या तोंडाशी बसतो, दोराला कंदील बांधून खाली सोडतो. वीस फूट. कंदील विझत नाही. मग खालून कुणीतरी दोर ओढतं.

सरांनी पान उलटलं. कोरं.

‘पुढं काय?’

‘त्यानं अजून लिहिलं नाही, सर.’

‘कधी लिहिणार आहे?’