तुम्ही विचारलंत म्हणून: शिवलेली नोट कशाला घेता?

घरी कोणी आलं आणि मी अल्बम उघडला की हा प्रश्न येतोच. ‘‘ताई, पैसे मोजायचेच आहेत तर छान कोरी नोट घ्या. ही चिंधी कशाला?’’

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

मी न्यू जर्सीत राहते आणि न्यू जर्सीच्याच जुन्या नोटा जमवते. २५ मार्च १७७६ ही तारीख असलेल्या, न्यू जर्सी ब्रिटिशांची वसाहत होती तेव्हाच्या. स्वातंत्र्याचा जाहीरनामा यायला तेव्हा तीन महिने बाकी होते, म्हणजे या नोटा अमेरिका नावाच्या देशाहून वयाने मोठ्या. तुम्ही जिला चिंधी म्हणता ती सहा शिलिंगांची आहे, तळहातावर सहज मावते. पुढच्या बाजूला छापील मजकूर आणि त्याखाली टाकाने केलेल्या सह्या. त्या वेळी प्रत्येक नोटेवर हाताने सही व्हायची. या मालिकेवर सह्या करणाऱ्यांत जॉन हार्ट होता, होपवेलचा शेतकरी. त्याच वर्षी त्याने जाहीरनाम्यावरही सही केली.

नोट उलटली की मागे झाडाचं पान दिसतं. चित्र काढलेलं नाही, खऱ्या पानाचा छाप. ही युक्ती बेंजामिन फ्रँकलिनची, १७३०च्या दशकातली. पानाचा साचा घ्यायचा, त्यातून धातूचा ठसा ओतायचा. पानाची शीर देठापाशी जाड असते आणि कडेला जाता जाता केसासारखी बारीक होते; हाताने कोरणाऱ्या कारागिराला ते साधत नसे, म्हणून खोटी नोट पकडता यायची. फ्रँकलिनने ही कृती बरीच वर्षं गुप्त ठेवली होती. पानाच्या सोबतीला मागेच छापलंय की खोटी नोट करणाऱ्याला मृत्युदंड. आणि छापणाऱ्याचं नाव: आयझॅक कॉलिन्स, बर्लिंग्टन.

आता ती शिवण. नोट मधोमध घडी घालून खिशात ठेवायची, काढायची, पुन्हा ठेवायची. घडीवर कागद विरतो आणि एक दिवस दोन तुकडे होतात. मग लोक त्याला टाचणी लावत किंवा सुईदोऱ्याने शिवत. शिवता यायचं, कारण तो कागद लिननच्या आणि सुती कापडाच्या चिंध्या कुजवून, कुटून केलेला. चिंधी हा तुमचा शब्द मला म्हणूनच खटकत नाही, तो खरा आहे. माझ्या नोटेवर सात टाके आहेत, दोरा तपकिरी पडलाय. शिवणाऱ्याने सही मात्र चुकवली आहे. टाका सहीच्या अगदी शेजारून जातो. सही गेली तर नोट घेणार कोण?

मी पुण्यात वाढले. ‘फाटक्या नोटा बदलून मिळतील’ अशा पाट्यांखालून शाळेत जायचे. फाटलेल्या नोटेचा जीव केवढा असतो ते तेव्हापासून ठाऊक आहे.

कॉन्टिनेन्टल काँग्रेसच्या, म्हणजे सगळ्या वसाहतींच्या एकत्र सभेच्या, नोटांबद्दलही विचारतात. १७७५ ते १७७९ या काळात काँग्रेसने २४ कोटींहून जास्त डॉलर छापले. ब्रिटिशांशी युद्ध चालवायला दुसरा पैसा नव्हता. भाव असा कोसळला की १७९०च्या कायद्याने त्या बदलून घेतल्या तेव्हा दर शंभरास एक धरला. माझ्याकडे सहा डॉलरची एक आहे, झाड कुरतडणाऱ्या बीव्हरची. कागदात अभ्रकाचे कण आहेत; खिडकीशी तिरपी धरली की चमकतात. हीसुद्धा टाचलेली आहे. टाचणी गेली, गंजाचे दोन ठिपके राहिले.

कोऱ्या नोटा सुंदर असतात, नाही म्हणत नाही. पण कोरी नोट बहुधा कुणाच्या तरी पेटीत पडून राहिलेली. मला पिठाच्या, मिठाच्या, घोड्याच्या नालांच्या व्यवहारातून आलेली हवी. ग्रेडिंगवाले, म्हणजे नोटेची अवस्था तपासून तिला गुण देणारे, टाक्यांचे, भोकांचे गुण कापतात. त्यामुळे काही विक्रेते दोरा उसवतात, फट डिंकाने भरतात आणि वर इस्त्री फिरवतात. अशी एक नोट मला पोस्टाने आली. उजेडासमोर धरली तर रिकाम्या भोकांची रांग दिसली. दोरा फेकून दिलेला. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं, अजून वाटतं. तुमच्या हाती अशी नोट आली तर कृपा करून धुऊ नका, इस्त्री करू नका, दोऱ्याला हात लावू नका. साध्या पीव्हीसी प्लास्टिकच्या पाकिटातही नको, त्याने कागद चिकट होतो.

मागच्या उन्हाळ्यात सासूबाई आल्या होत्या. आयुष्यभर शिवणकाम केलेल्या. त्यांनी चष्मा पुसला, भिंग घेतलं आणि बराच वेळ ते सात टाके बघितले. मग म्हणाल्या, ‘‘धावदोरा आहे. पण गाठ मारलेली नाही गं, दोरा दोनदा मागे फिरवून अडकवलाय. गाठ मारली असती तर घडीत टोचली असती.’’