तिथीची पाऊणपट आणि आमची मे महिन्याची सुट्टी

यंदा आमच्या सुट्टीचं टाइमटेबल पंचांगाने ठरवलं. माझं माहेर गुहागरजवळ, घरापासून आगरातून, म्हणजे नारळी-पोफळीच्या बागेतून, चालत गेलं की पाच मिनिटांत समुद्र, आणि थोरला सात वर्षांचा, धाकटी चार, त्यामुळे पोचल्यावर आधी बॅगा टाकून पाण्यातच जायचं असतं त्यांना. पुण्याहून ताम्हिणीतून माणगाव, मग दापोली करत दाभोळला आलो, तिथून गाडीसकट जेटीने धोपाव्याला. लांब पडतं थोडं, पण बोटीत गाडी चढते याचं पोरांना इतकं अप्रूप आहे की चिपळूणवरून जायचं नावच काढू देत नाहीत.

तर पोचलो त्या दिवशी संध्याकाळी दोघं पुळणीवर, किनाऱ्याच्या वाळूत, धावत गेली आणि बघतात तर खेळायची ओली वाळू सगळी पाण्याखाली. धाकटी रडवेली, "समुद्राने आपली वाळू नेली!" बाबा मागून आले, म्हणाले, "अगो आज सप्तमी, सव्वापाचची भरती. उद्या सकाळी अकराला आण त्यांना, हवी तेवढी वाळू मिळेल."

कोकणात समुद्राकाठी वाढलेल्यांना हे सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी लिहिते. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा, आणि भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी, मग तेवढ्यानेच परत भरती. मोबाईलवरच्या टाइड टेबलशी मी ताडून बघितलं, पंधरा-वीस मिनिटं इकडेतिकडे होतात, बाकी बरोबर. चंद्र रोज पाऊण-एक तास उशिरा येतो म्हणून भरतीही तेवढीच पुढे सरकते, एवढं साधं. बाबांना पाऊणकीचा पाढा अजून खडाखडा येतो, पाऊण दुणे दीड, पाऊण चोक तीन... आणि थोरल्याला शाळेत पाढे म्हणायचा कंटाळा, पण हा पाढा त्याने चार दिवसांत पाठ केला कारण याच्यावर पोहायला कधी मिळणार ते ठरत होतं. रोज सकाळी चहाच्या आधी कॅलेंडरपुढे उभा.

मधल्या वेळेत बाकीचं सगळं झालंच. करवंदं तोडताना "कोंबडा की कोंबडी", आतून लाल निघालं की कोंबडा. अढीतले आंबे रोज हात लावून बघणं. आईने रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडायला घेतले तेव्हा दोघांचे हात कोपरापर्यंत लालेलाल, सालं मीठ घातलेल्या रसात बुडवून उन्हात वाळवायची, परत बुडवायची, परत वाळवायची, तेव्हा कुठे आमसूल होतं. धाकटी रोज विचारायची, झालं का? आठवडा झाला तरी नव्हतं झालं.

त्रयोदशीला हेदवीला गेलो. दशभुजा गणपतीचं दर्शन घेतलं आणि मग खाली उमा-महेश्वराच्या देवळाजवळ बामणघळ. खडकाला उभी अरुंद भेग आहे आणि लाट आत शिरली की पाण्याला जायला जागा नसते, मग ते सरळ आकाशात उडतं. दोन वर्षांपूर्वी आम्ही वेळ न बघता गेलो होतो, ओहोटी होती, नुसती भेग बघून परत आलो. यंदा थोरल्यानेच सांगितलं, तेराची पाऊणपट पावणेदहा. साडेनऊला पोचलो. पहिला फवारा उडाला तेव्हा आवाजानेच धाकटी माझ्या गळ्याला चिकटली, आणि पाचव्या-सहाव्यानंतर तीच "अजून एक, अजून एक". तिथे मुलांना घेऊन जाणार असाल तर लांबूनच बघा, खडक शेवाळलेला असतो आणि मोठी लाट सांगून येत नाही. आम्ही दोघांचे हात एकदाही सोडले नाहीत.

पौर्णिमेची मी खरी वाट बघत होते. अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाणी फार चढतही नाही आणि फार ओसरतही नाही, पण पौर्णिमेला उधाण, मोठी भरती, म्हणजे ओहोटीही तेवढीच लांब. संध्याकाळी सव्वापाचला गावाच्या टोकाची खडपं, समुद्रातले खडक, पूर्ण उघडी पडली होती. लहानपणी मी तासन्‌तास तिथे बसायचे. डबक्यात बोट घातलं की मिटणारी समुद्रफुलं, खडकाला चिकटलेली कालवं, आणि बाजूच्या ओल्या वाळूवर इवल्या खेकड्यांनी केलेल्या गोळ्यांची रांगोळी. वाळूतलं खाणं तेवढं खाऊन उरलेल्या वाळूची गोळी करून टाकतात ते. भरती आली की सगळं पुसलं जातं आणि पुढच्या ओहोटीला परत पहिल्यापासून. थोरला गुडघ्यावर बसून कितीतरी वेळ एकाच बिळाकडे बघत होता, मी हाक मारली नाही.

रात्री जेवणं झाल्यावर पडवीतून खडखड आवाज. बघते तर धाकटीच्या बादलीत थोड्या पाण्यात एक शंख, आणि शंख चालतोय! संन्यासी खेकडा. तिने रिकामा शंख समजून आणला होता आणि आता तो चालतोय म्हटल्यावर घाबरली पण होती आणि सोडायलाही तयार नव्हती. बाबांनी तिला मांडीवर घेऊन सांगितलं, याला स्वतःचं घर नसतं, दुसऱ्याचा टाकलेला शंख शोधून त्यात राहतो, आणि मोठा झाला की आणखी मोठा शंख शोधायचा. बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मग आत्ता नेऊया." पण आत्ता खडपं पाण्याखाली. थोरल्याने बोटं मोजली, सकाळी सव्वाअकरा भरती, संध्याकाळी सव्वापाच ओहोटी, रात्री साडेअकरा-पावणेबारा... "आजोबा, पहाटे पावणेसहा!"

गजर न लावता चौघं उठलो. बाबांच्या हातात बॅटरी, धाकटीच्या हातात बादली, कुणाला धरू दिली नाही. आगरातून बाहेर आलो तर बॅटरीची गरजच नव्हती, पौर्णिमेचा चंद्र पश्चिमेला समुद्रावर टेकत आला होता आणि मागे डोंगरावर उजाडत होतं. तिने त्याच डबक्याजवळ बादली हळूच कलती केली. शंख थोडा वेळ तसाच पडून राहिला. मग बाहेर पाय आले, आणि तो खडकाच्या सांदीत गेला.

"आज प्रतिपदा ना," थोरला म्हणाला, "एकाची पाऊणपट..." आणि भरतीची वेळ काढत बाबांचं बोट धरून पुढे चालायला लागला.