गॅनेटचा सूर आणि आपला नान्नजचा माळ

स्कॉटलंडच्या किनाऱ्याजवळच्या बास रॉक या खडकाळ बेटाजवळ बोट आली की आधी उग्र वास येतो, मग कळतं की खडक पांढरा दिसतोय तो गॅनेट या समुद्रपक्ष्यांमुळे आणि त्यांच्या विष्ठेमुळे. एडिंबरापासून फार लांब नाही. २०१४ च्या मोजणीत इथे सुमारे ७५,००० घरटी होती, तेव्हाची या जातीच्या (नॉर्दर्न) गॅनेटची जगातली सर्वांत मोठी वसाहत.

पण खरी बघण्यासारखी गोष्ट म्हणजे गॅनेटने पाण्यात मारलेला सूर. पंख पसरले तर जवळजवळ ६ फूट, वजन ३ किलोच्या आसपास. वीस-तीस मीटरवरून मासा हेरतो, पंख अर्धवट मिटून खाली झेपावतो आणि पाण्याला टेकता टेकता पंख पार मागे ताणून घेतो. धप्प! आपल्याकडे विहिरीत सूर मारणारी पोरं हात पुढे जोडून डोकं वाचवतात. याची सोय शरीरातच आहे. चोचीवर बाहेरून नाकपुड्याच नाहीत आणि चेहऱ्याच्या, छातीच्या कातडीखाली हवेच्या पिशव्या आहेत, त्या दणका झेलतात. मी कितीतरी वेळ नुसता बघत राहिलो.

२०२२ मध्ये बर्ड फ्लूने इथले हजारो पक्षी मेले. लोकांना खडकावर उतरायला लगेच बंदी झाली. वाचलेल्यांपैकी काहींचे फिकट निळे डोळे काळे पडले. तसा एक बोटीच्या अगदी जवळून गेला. ही बंदी सगळ्यांनी निमूट पाळली, याचं मला मनापासून कौतुक आहे.

पण सोबतच्या गृहस्थांनी विचारलं, "मग तुमचा माळढोक पक्षी का नाही टिकला?" ते मला लागलं. अहो, या खडकावर माणूसच राहत नाही, दीपगृहसुद्धा १९८८ पासून आपोआप चालतं. आपलं सोलापूरजवळचं नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ मध्ये जाहीर झालं ते साधारण साडेआठ हजार चौरस किलोमीटरचं, त्यात मोहोळ, माढा, करमाळ्याकडची नांदती गावं, लोकांची शेतं. जमिनीच्या व्यवहारांवर बंधनं आली ती शेतकऱ्यांवर. पुढे ते १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं. माळ उसाखाली गेला हे मीही नाकारत नाही, पण पाणी आल्यावर कोरडवाहू शेतकऱ्याने ऊस लावू नये, हे त्याला कुणी कोणत्या तोंडाने सांगायचं?

नान्नजला काळवीट अजून दिसतात. माळढोक दिसलाच कुणाला, तर मला जरूर कळवा. त्या गृहस्थांना सांगायचंय.